वर जाऊन येते

"आजी, दिवसभरात पाणी किती होतं तुमचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि लताबाईने तोंड उघडायच्या आत सहादूच बोलून गेला, "पिते की. भरपूर पिते." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे आपण नुसतंच म्हणालो, खरं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. लताबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग ती टेबलाच्या पायाकडे बघत राहिली. सकाळी जेलरोडच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेतल्या घेतल्या तिला घेरी आली होती. भाजीवालीने चटकन तिच्याखाली रिकामं पोतं सरकवलं, कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, आणि सहादू पिशवी धरून नुसता उभा राहिला होता. ती पिशवी आत्ताही त्याच्या मांडीवर होती आणि तिच्यातल्या मेथीचा वास त्या गार खोलीत भलताच घरगुती वाटत होता. डॉक्टरीणबाई या दोघांच्या लेकीच्या, संजनाच्या वयाच्या असतील. त्याच्या ठाम उत्तराकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" एवढंच म्हणाल्या.

बाहेर म्हणजे हिरव्या पडद्याच्या पलीकडे. तिथल्या बाकावर बसून सहादू समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला, आणि आतलं बोलणं ऐकू नये असं त्याला वाटत असतानाच ते नीट ऐकू आलं. लताबाई अगदी साध्या आवाजात सांगत होती, कोथिंबीर महाग झाली हे शेजारणीला सांगावं तशी. "वर जावं लागतं ना. जिना आहे. मग मी पाणीच कमी पिते. सकाळी एकदा जाते, झोपताना एकदा जाते. मधे नको." कधीपासून असं करता, असं विचारल्यावर ती म्हणाली, "गुडघे गेले तेव्हापासून." सहादूला वाटलं, कुणीतरी आपल्या खांद्यावर हात ठेवून आपल्याला मागं वळायला सांगतंय. गुडघे गेले तेव्हा म्हणजे कधी? गुडघे काही एका दिवशी जात नाहीत. एक दिवस ती बाजारातून येताना मधेच कट्ट्यावर टेकली; एक दिवस जमिनीवर बसून भाजी निवडायचं सोडून तिने खुर्ची घेतली; एक दिवस शिवणाच्या मशीनवर कापड टाकून ठेवलं ते तसंच राहिलं. या सगळ्याला तो साक्षी होता. पण या सगळ्याच्या खालून आणखी एक गोष्ट चालली होती, त्याच घरात, त्याच्यासमोर, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतताना आणि पेला अर्धा ठेवताना, आणि ती त्याला दिसली नव्हती. ती दिसली कशी नाही हेच त्याला कळेना. त्याचा सगळा जन्म नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापून आलेले ताव तपासण्यात गेला. रेघ किंचित जाड झाली, रंग केसभर सरकला, की त्याच्या डोळ्याला ते खुपायचं. साहेब लोक म्हणायचे, गांगुर्डेंच्या हाताखालून गेलं म्हणजे गेलं. आणि रोज ताटाशेजारी अर्धा राहिलेला तो पेला त्याच्याच हाताखालून जात होता.

रिक्षातून घरी येताना तो तिला काही विचारू शकला नाही. विचारायचं तरी कोणत्या शब्दांत? त्यांच्याकडे त्या गोष्टीला शब्दच नव्हता. चांदवडच्या बाजूला, त्याच्या गावात, तिला 'बाहेर' म्हणत. पोरगं म्हणायचं, बाहेर जाऊन येतो, आणि आई टमरेल पुढे करायची. लग्नानंतर देवळालीगावात भाड्याची एक खोली घेतली, तिथे सगळ्यांचा मिळून एक संडास आवाराच्या टोकाला होता, तेव्हा लताबाई 'तिकडे' जायची. 'तिकडे'च्या दाराची कडी तुटलेली होती. पहाटे ती निघाली की सहादू मागोमाग जायचा, बादली ठेवून दाराकडे पाठ करून उभा राहायचा. कुणी येताना दिसलं की तो खोकायचा. आतून ती खोकायची, म्हणजे ऐकलं. लग्न नवीन होतं. दिवसभर घरात सासू-सासरे, दीर; दोघांना एकमेकांशी बोलायला सापडायचं नाही. सहादूला पुढे कितीदा तरी वाटून गेलं, की आपण बायकोशी पहिलं म्हणून जे काही बोललो ते तिथे, असं खोकून. मग हे रो-हाऊस झालं. खाली समोरची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, स्वयंपाकघराला लागून न्हाणीघर. वर दोन खोल्या आणि त्यांच्यामध्ये पांढराशुभ्र संडास, आतून कडी असलेला. घर बघायला आले त्या दिवशी लताबाई वर जाऊन नुसती कडी लावून आणि काढून बघत होती. चुलीपासून जेवढं लांब तेवढं बरं, असं तीच म्हणाली होती, आणि सहादूलाही ते पटलं होतं. तेव्हापासून शब्द झाला 'वर'. वर जाऊन येते. पाहुण्यांतून उठताना, टीव्ही बघता बघता, पोळी तव्यावर टाकण्याआधी. आता रिक्षात तिच्या शेजारी बसून तो आठवायला लागला, की हे वाक्य आपण शेवटचं कधी ऐकलं, आणि त्याला ते आठवेना.

पुण्याहून संजनाचा फोन आला तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला गेला आणि अडखळला, आणि पोरीने ते उरलेलं आपलं आपण समजून घेतलं. तिचं म्हणणं सरळ होतं. घर विका आणि इकडे या. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, खोलीला लागून सगळं आहे, आईला एक पायरी चढायला नको. ती रागावून बोलत नव्हती, पण तिच्या आवाजात ठरवून टाकल्याची घाई होती, आणि सहादूला भीती वाटली. पुण्याच्या त्या घरी ते राहून आले होते. लताबाई तिथे दिवसभर बाल्कनीत उभी राहून खालची माणसं बघायची, आणि संध्याकाळ झाली की विचारायची, आपल्या गल्लीत आता काय चाललं असेल. फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात गेला, न्हाणीघराचं दार उघडलं आणि आत बघत उभा राहिला. चांगली ऐसपैस खोली होती. एका कोपऱ्यात नळ, त्याच्याखाली बादली, वर कोनाड्यात त्याचा दाढीचा डबा आणि खाचा पडलेला अंग घासायचा दगड. पहिल्या पाळीला जायचं असलं की इथे तो अंधारात अंघोळ करायचा आणि पलीकडे स्टो पेटल्याचा आवाज यायचा. इथे काय अशक्य आहे, असं त्याच्या मनात आलं. एक भांडं तर बसवायचं.

एक भांडं बसवायचं एवढंच ते नव्हतं, हे सरिता मॅडमनी येऊन सांगितलं. त्या परवानाधारक इंजिनिअर. गल्लीतल्या दोन घरांचं काम त्यांनी केलेलं होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, लताबाईने दिलेला चहा उभ्या उभ्याच घेतला आणि न्हाणीघरातून एकदा, मागच्या बोळातून एकदा, असं घर नीट पाहिलं. मग समोरच्या खोलीत बसून त्यांनी नियम समजावून सांगितले, न कंटाळता. न्हाणीचं पाणी जातं तो पाइप बारीक आहे, तो चालायचा नाही. संडासाला वेगळा जाड पाइप, नीट उतार देऊन, मागच्या बोळातल्या चेंबरपर्यंत न्यावा लागेल. बाहेरच्या हवेला उघडणारी खिडकी लागते, ती तुमच्याकडे आहे, पण लहान आहे, वाढवू. महापालिकेकडे नकाशा द्यावा लागेल, ते माझ्याकडे लागलं. अडचण एकच. तुमच्या न्हाणीघराचं दार स्वयंपाकघरात उघडतं. संडासाचं दार स्वयंपाकघरात थेट उघडता कामा नये, तसा नियम आहे, आणि नियम नसता तरी मी करून दिलं नसतं. ते दार बुजवून या समोरच्या खोलीत काढावं लागेल. असं म्हणून त्यांनी भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली, कोचाच्या पाठीमागे बोटाने एक चौकोन काढून दाखवला.

त्या गेल्यावर लताबाई कप उचलता उचलता म्हणाली, "पाहुणे बसलेत, तुम्ही त्यांच्याबरोबर चहा पिताय, आणि मी सगळ्यांसमोरून उठून त्या दारात जायचं. मग आतला आवाज यायला नको म्हणून तुम्ही टीव्ही मोठा करायचा. नको मला." सहादू म्हणाला, की पाहुणे काय रोज येतात. ती कप विसळायला आत गेली. पण त्या दिवसापासून तिने एक नवीनच सुरू केलं. ती त्याच्यासमोर येऊन पाणी प्यायची. तांब्या घेऊन यायची, पेला काठोकाठ भरायची, आणि त्याची नजर आपल्याकडे आहे एवढं बघून एका दमात रिकामा करायची. मग पदराने तोंड पुसून, बघा झालं, अशा अर्थाने पेला पालथा करायची. आणि मग थोड्या वेळाने, कुणाला काही न सांगता, जिन्याकडे वळायची. सहादू वर्तमानपत्राआडून ऐकत राहायचा. एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर. मधला विसावा. कठड्याला धरलेल्या हातातल्या बांगडीचा बारीक आवाज. पूर्वी या घरात तिचा आवाज म्हणजे मशीनचा खडखडाट, भाकरी थापल्याचा, भांड्यांचा. आता सगळं घर त्या जिन्यात गोळा झाल्यासारखं झालं होतं. आपण तिच्यावर पाळत ठेवतोय, हे कळून त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी त्याचं लक्ष तिच्या गळ्याकडे जायचं, घोट खाली उतरतो का बघायला.

एका दुपारी वर गेलेली पावलं खाली आलीच नाहीत. तो उठून बघायला गेला. लताबाई जिन्याच्या मधल्या वळणावर बसलेली होती. पाय खालच्या पायरीवर सोडलेले, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर असा काही निवांत भाव, की जणू इथे वारा बरा येतो म्हणून बसली आहे. "काय गं?" तो म्हणाला. "काही नाही. बसले." वारा काही येत नव्हता. फाल्गुन संपत आला होता, वरची स्लॅब तापली होती, तिच्या ओठावर घाम होता. सहादू वर चढला आणि तिच्या खालच्या पायरीवर बसला. तिला वर जायचं आहे की खाली यायचं आहे, हे त्याने विचारलं नाही. समोरच्या घरातल्या सुनेने माठ नवीन घेतला तो पाझरतोय, असं ती म्हणाली. तो म्हणाला, नवा माठ पाझरतोच. तिचा पाय त्याच्या बरगडीला टेकला होता. सुजलेला, गरम. या पायाने तिने वर्षानुवर्षं मशीन चालवलं, अर्ध्या कॉलनीच्या पोलक्यांना याच पायाने टीप घातली. आणि आता तो पाय कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा ती त्याला जपून ठेवत होती. सहादूच्या मनात त्या क्षणी कसलाही विचार नव्हता. नुसती एक मऊ, जड अशी काहीतरी वस्तू छातीत भरून आली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उठा आता. मला जायचंय." तेव्हा त्याला कळलं की ती वर निघाली होती, आणि अजून पोचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सहादू खोटं बोलला. आदल्या संध्याकाळी मळ्याच्या बाजूला फिरायला गेला असताना ते त्याने मनात जुळवून ठेवलं होतं, पण प्रत्यक्ष बोलायची वेळ आली तेव्हा वाक्यांचा क्रम पार बिघडला. "ते खालचं करून घेऊ," तो म्हणाला. "तुझ्यासाठी म्हणत नाही मी. मला पाहिजे. मला सारखं जावं लागतं. पुरुषांना होतं या वयात, ती गाठ वाढते. जिना चढेपर्यंत धीर निघत नाही माझा. परवा तर..." इथे त्याला पुढचं सुचेना आणि तो थांबला, आणि ते थांबणंच सगळ्यांत खरं वाटलं. त्याचे कान तापले होते. जन्मात तो असलं काही कुणाजवळ बोलला नव्हता. डॉक्टरजवळसुद्धा तो 'तिकडचा त्रास' म्हणायचा. आणि बोलता बोलता एक विचित्र गोष्ट झाली. ओटीपोटात खरोखरच काहीतरी ओढल्यासारखं वाटलं, जणू शरीराने ते ऐकलं आणि खरं मानलं.

लताबाईने कप खाली ठेवला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, खुंटीला टांगलेला कपडा कुठे उसवलाय का हे बघावं तशी. "कधीपासून?" तिने विचारलं. तो म्हणाला, झाले बरेच दिवस. "आणि मला सांगितलं नाही." काय सांगायचं, असं तो पुटपुटला. ती दोन्ही कप घेऊन आत गेली. आत नळ सुरू झाला, बंद झाला. मग ती फोन घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "त्या सरिता मॅडमचा नंबर लावून द्या मला."

त्यानंतर घर तिच्या ताब्यात गेलं. मॅडम आल्या तेव्हा तिने त्यांना कोचामागची भिंत बघूच दिली नाही. थेट जिन्याखाली घेऊन गेली. जिन्याखालच्या त्या तिरक्या जागेत तिचं शिवणाचं मशीन असायचं, वर कापडाची गाठोडी, दोऱ्यांचे डबे. त्या जागेच्या पाठीमागची भिंत न्हाणीघराचीच होती. हे इतकी वर्षं या घरात राहून सहादूच्या डोक्यात आलं नव्हतं. पण मशीनवर बसून दुपारच्या दुपारी ज्या बाईने त्या भिंतीला पाठ लावली होती, पलीकडून सहादूच्या अंघोळीचा तांब्या वाजताना ऐकला होता, तिला ते ठाऊक होतं. "इथून दार काढा," ती म्हणाली. "बाहेर बसलेल्याला दिसणार नाही. जिन्याला वळसा घातला की आत." मॅडमनी फीत लावून उंची मोजली, डोकं आपटणार नाही ना हे स्वतः वाकून-उठून बघितलं, आणि हसून म्हणाल्या, बसतंय आजी. मशीनचं काय, असं सहादूने विचारलं, तर ते समोरच्या सुनेला द्यायचं तिने आधीच ठरवून टाकलं होतं. मशीन गेलं त्या दिवशी ती ते पुसून, तेल घालून, चाकावर हात ठेवून जरा उभी राहिली. सहादूला वाटलं, आता हिला वाईट वाटणार. पण ती त्या सुनेला सांगत होती, की सुरुवातीला पट्टा घसरतो, घाबरायचं नाही.

महापालिकेचं काम मॅडमनी केलं आणि पुंजाराम मिस्त्री हत्यारं घेऊन आला. बडबड्या माणूस, मोबाइलवर गाणी लावून तो काम करायचा आणि गाण्यात जाहिरात आली की जाहिरातीला शिव्या द्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने न्हाणीघराची फरशी उखडली. इतकी वर्षं ज्या फरशीवर आपण उघडे उभे राहिलो, तिच्याखाली नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे होते, हे बघून सहादूला कसंसंच झालं. मग जिन्याखालची भिंत फुटली आणि घरात नको तिथून उजेड आला. लाल धूळ डब्यांवर, गादीवर, बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेवर बसली. लताबाई तोंडाला पदर लावून सगळीकडे उभी राहायची. खिडकी मॅडमनी सांगितली तेवढीच मोठी हवी. धरायला दांडा हवा, इथे नको, थोडा खाली, बसल्यावर हात कुठे जातो ते बघा. अंघोळीची बाजू वेगळी, मधे गुडघ्याएवढी भिंत, पाणी तिकडे जाता कामा नये. पुंजाराम म्हणायचा, "मावशी, बाबांसाठीच हाय ना? मग बाबांना बसवून बघू की." मग सहादूला एका पालथ्या पत्र्याच्या डब्यावर बसावं लागायचं आणि दोघं मिळून त्याच्या हाताची उंची ठरवायचे. आजारी माणसासारखा चेहरा करून तो बसायचा. पण दांड्याची खूण मात्र प्रत्येक वेळी त्याच्या हाताच्या बरीच खाली पडायची, लताबाईच्या हाताला येईल अशी, आणि ती कशी पडते हे त्याला कळायचं नाही.

खालचं न्हाणीघर बंद झाल्यामुळे त्या दिवसांत अंघोळीलासुद्धा वर जावं लागे. सहादू तिच्यामागून चढायचा, एक पायरी खाली राहून. घर घेतल्यापासून हा जिना ते दोघं कधी असे बरोबर चढले नव्हते. कुणीतरी एक नेहमी पुढे असायचं, कामात असायचं. एका सकाळी मधल्या वळणावर ती थांबली. खाली पुंजारामचं गाणं आणि छिन्नीचा ठोका चालला होता. तिने मागे न बघता म्हटलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. मला त्याच दिवशी कळलं."

सहादूचा हात कठड्यावर होता तो तिथेच राहिला. "कशावरून?"

"तुम्हाला खरंच काही दुखत असलं तर तुम्ही सांगत नाही. दाढ किडली तेव्हा गाल सुजेपर्यंत पत्ता लागू दिला नव्हता."

"मग हो का म्हणालीस?"

लताबाईने आधी पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवला, दुसरा त्याच्याजवळ आणला. "इतक्या वर्षांत स्वतःच्या पोटाचं नाव काढलं नाही तुम्ही माझ्यापुढे," ती म्हणाली. "म्हटलं, हा माणूस लाज सोडून एवढं बोललाय, तर आपण एक दार सोसावं." मग ती पुढे चढायला लागली. सहादू मागे तसाच उभा राहिला. त्याला हसूही येत होतं, आणि डोळ्यांत धूळ गेल्यासारखंही होत होतं. धूळ तर घरभर होतीच. त्याला वाटलं होतं की आपण तिला फसवून तिच्या भल्याच्या बाजूला वळवलं. आता कळलं, की ती आपली आपण वळली होती, आणि वाटेत त्याचं खोटं तिने हातात धरून चालवलं होतं, त्याला चालवता येत नव्हतं म्हणून.

काम पुरं झालं, सिमेंट वाळलं, मॅडम येऊन पाणी सोडून बघून गेल्या. त्या दुपारी सहादू वर्तमानपत्र घेऊन बसला होता. लताबाई स्वयंपाकघरातून आली, जिन्याला वळसा घालून गेली, आणि कडी लागल्याचा आवाज आला. तो तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. आतलं काही ऐकू येत नव्हतं. पुंजारामने दार जाड बसवलं होतं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "नळ ठिबकतोय. मिस्त्रीला बोलवा." त्याने मान हलवली आणि पान उलटलं.

बुद्धपौर्णिमेला आक्काबाई आली. आक्काबाई लताबाईची थोरली बहीण. दिंडोरीला मुलाकडे असते. द्राक्षाच्या बागांतून घड विरळायला, छाटणीला जन्मभर गेलेली, अंगाने भारी, आता काठीशिवाय चालत नाही. दर वर्षी ती या दिवशी येते, दोघी बहिणी बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी जाऊन मेणबत्ती लावतात, घरी येऊन जेवतात, आणि दुपारची गाडी पकडून आक्काबाई परत जाते. राहा म्हटलं तरी राहत नाही. सहादूने याचा अर्थ फार पूर्वीच लावून टाकला होता. लताबाईसाठी हे स्थळ आक्काबाईला पसंत नव्हतं, तिने लग्नात तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि अजूनही तिला या छपराखाली पाठ टेकायची नाही. त्याने ते मनाला लावून घेतलं नव्हतं, म्हणजे आपण लावून घेतलं नाही असं तो समजत आला होता. जेवताना तो तिला आग्रह करायचा, गाडीपर्यंत पिशवी धरायचा, आणि गाडी सुटली की त्याला हलकं वाटायचं, थोडं दुखतही असायचं.

या वर्षीही तसंच झालं. जेवणं झाली, बायका स्वयंपाकघरात पाय पसरून बसल्या, आणि गाडीची वेळ होत आली तशी सहादू सवयीने उठला, टोपी घातली, चपला सरकवल्या आणि दारातून म्हणाला, "चला आक्का, निघायला हवं." मग काठी टेकत आक्काबाई बाहेर आली, तीही जिन्याखालच्या वळणाने, हात पुसत, आणि त्याच्या पायातल्या चपलांकडे बघून म्हणाली, "आज नाय जात मी, पाव्हनं. राहनार हाय."

"राहा की," तो म्हणाला. "राहा."

"लय वाटायचं दर साली," आक्काबाई कोचावर बसत म्हणाली. "लताजवळ चार दिस राहावं. पन त्या जिन्याचं भ्या. रातीची येळ, कुनाला उठवायचं? लेकीच्या वयाच्या बाईलाबी सांगता येत नाय असलं, तुमाला कुठं सांगू?" ती हसली. लताबाई तिच्यामागे दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि सहादूकडे बघत होती. तिला हे माहीत होतं, नेहमीपासून माहीत होतं, आणि तिनेही ते आपलं म्हणून ठेवून घेतलं होतं. सहादूच्या मनात एवढ्या वर्षांतल्या सगळ्या दुपारच्या गाड्या एकामागून एक गेल्या. प्रत्येकीच्या खिडकीत आक्काबाईचा जाडजूड, त्याला रागीट वाटलेला चेहरा. तो राग नव्हता तर. ती बाई नुसती घाईत होती, आपल्या घरी पोचायच्या घाईत. त्याने टोपी काढली, चपला काढून भिंतीकडेला लावल्या, आणि काहीतरी करायला हवं म्हणून म्हणाला, "वरून गादी आणतो."

वरच्या खोलीत पलंगाखाली पाहुण्यांची गादी गुंडाळून ठेवलेली होती. जाड, जुन्या कापसाची. संजनाच्या बाळंतपणानंतर कुणी वापरलीच नव्हती. सहादूने ती ओढून काढली, झटकली आणि डोक्यावर घेतली. ती त्याच्या डोळ्यांवरून खाली लोंबत होती. कापसाचा, डांबरगोळ्यांचा वास, आणि त्या सगळ्याखाली कसलातरी मुलाच्या अंगाचा गोडसर वास अजून उरला होता. जिना उतरताना त्याला आपले पाय दिसेनात. तो एका हाताने गादी आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून, पायाने पायरी चाचपत उतरू लागला. खाली दोघी बहिणी येऊन उभ्या राहिल्याचं त्याला आवाजावरून कळलं.

"डावीकडं घ्या," लताबाई म्हणाली. "टोक अडकतंय."

"डावीकडं भिंत हाय की गं, उजवीकडं," आक्काबाई म्हणाली.

"अगं, त्यांच्या डावीकडं म्हणतेय मी."

"मंग तसं सांग ना. पाव्हनं, थांबा तिथंच. आधी आमचं ठरू द्या."

त्यांचं काही ठरेना. दोघी एकदम बोलत होत्या, एकमेकींचं खोडत होत्या, आणि मधेच एकीला हसू आलं ते दुसरीलाही आलं. सहादू गादीखाली, अर्ध्या जिन्यात, कुणीकडेही न वळता खुशाल उभा राहिला.